सासरा पलीकडे, जावई अलीकडे: टेबलावर मांडलेली भातवडीची लढाई

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग लढाईचा आहे, पण तलवारींच्या खणखणाटाचा नाही. चिखलाचा, भुकेचा आणि सहा पैलूंच्या फाशाचा आहे.

आधी एक प्रश्न. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव आणि जिजाऊंचे यजमान शहाजीराजे एकाच रणांगणावर समोरासमोरच्या फौजांमध्ये उभे होते, हे तुम्हाला शाळेत कुणी सांगितलं होतं? मला नव्हतं सांगितलं. साल 1624. जागा भातवडी, म्हणजे अहमदनगरपासून (आताचं अहिल्यानगर) आग्नेयेला साधारण 15-16 किलोमीटरवरचं गाव. शहाजीराजे निजामशाहीकडून, मलिक अंबरच्या फौजेत. लखुजीराव मोगलांकडून. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून सहा वर्षं होती.

ही लढाई मी पुस्तकात वाचली होतीच, पण ती डोक्यात बसली ती पूर्णेत, एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत, दोन फूट बाय दोन फुटांच्या प्लायवर. आम्ही पाच जण महिन्यातून एकदा जमतो आणि जुन्या लढाया टेबलावर खेळतो. एक जण रेल्वेत आहे (पूर्णा जंक्शनवाल्यांच्या गँगमध्ये एक तरी रेल्वेवाला असतोच), एक शेती बघतो, एक बँकेत, एक स्पर्धा परीक्षा देतोय, आणि मी लॅपटॉपवाला.

हा खेळ काय असतो ते पटकन सांगतो. बुद्धिबळ माहीत आहे? त्याचं मूळ चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडे, रथ, पायदळ. ती लढाईच होती, पण पट सपाट. नदी नाही, डोंगर नाही, नशीब नाही. 1812 मध्ये प्रशियाच्या फॉन राइसविट्झ नावाच्या माणसाने राजाला एक टेबल करून दिलं, त्यावर जमिनीचे तुकडे जोडून हवं ते रणांगण तयार करता यायचं. त्याच्या मुलाने 1824 मध्ये ते खऱ्या नकाशावर आणलं आणि मध्ये एक पंच बसवला. दोन्ही खेळाडू पंचाला हुकूम लिहून देणार आणि पंच त्यांना तेवढंच दाखवणार जेवढं सेनापतीला त्या जागेवरून खरंच दिसलं असतं. प्रशियाच्या सैन्याने यावर अधिकारी शिकवले. पुढे 1913 मध्ये एच. जी. वेल्सने, हो तोच टाइम मशीनवाला, खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर पुस्तकच लिहिलं. 1971 मध्ये अमेरिकेत चेनमेल नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम आले आणि त्यातून तीन वर्षांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स निघालं. म्हणजे आज तुम्ही मोबाइलवर जे आरपीजी खेळता, त्याचा आजोबा हा टेबलावरचा चिमुकला घोडेस्वार आहे.

आम्ही जे नियम वापरतो त्यांचा पाया 1990 च्या डीबीए या नियमावलीचा आहे. दोन्हीकडे बारा-बारा तुकड्या. आपली पाळी आली की एक फासा टाकायचा. दोन पडले तर दोनच तुकड्या किंवा दोनच गट हलवता येतात. बाकीचे उभे. पहिल्यांदा खेळणारा इथेच चिडतो. पण विचार करा, दोन मैल लांब उभ्या असलेल्या सरदाराला निरोप पोचायचा कसा? घोड्यावरचा जासूद वाटेत पडला तर? तो एक फासा म्हणजे ते सगळं. तुकड्या भिडल्या की दोघांनी फासा टाकायचा, आपापली ताकद मिळवायची. कमीवाला मागे हटतो, समोरच्याचा आकडा दुप्पट झाला तर तुकडी गेली. चार तुकड्या गेल्या की सैन्य मोडलं.

बाहेरून धातूच्या बाहुल्या मागवायच्या तर कस्टमसकट जी किंमत होते त्यात इथे दोन महिने मेस चालते. म्हणून आमची फौज झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रिंट काढून, कापून, जाड लग्नपत्रिकांवर चिकटवलेली आहे. लग्नसराईनंतर पूर्णेत पत्रिकांना तोटा नाही. चार सेंटिमीटर रुंदीची पट्टी, तिच्यावर तीन स्वार. सोनेरी गणपती खाली येतो, वर मोगल घोडदळ.

आता भातवडी. मलिक अंबर कोण, हे एका वाक्यात सांगणं अवघड आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे अहमदनगरला निजामशाहीच्या पेशव्याकडे आलेला माणूस. पुढे हाच निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. तिथं जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. हे पाणी लक्षात ठेवा.

जहांगीर या माणसाच्या नावाने इतका खवळायचा की स्वतःच्या आठवणींमध्ये त्याला शिव्या घालतो. अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढलंय: बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात असं कधी घडलं नाही. अंबर 1626 मध्ये म्हातारपणाने गेला.

1624 ची परिस्थिती अशी. मोगल आणि विजापूरची आदिलशाही एकत्र आलेले. आदिलशाहीचा वजीर मुल्ला महंमद लारी निवडक फौज घेऊन मोगलांच्या मदतीला बुऱ्हाणपूरला. मोगलांची मोठी ताकद मात्र बंडखोर शहजादा शाहजहानच्या मागे उत्तरेत. अंबरने संधी साधली आणि थेट विजापूरवर चालून गेला. इब्राहिम आदिलशाहाने घाबरून लारीला परत बोलावलं. लारीसोबत मोगल सरदार लष्करखान आणि बरोबर जाधवराव, उदाराम. अंबर मागे हटला, हटत हटत स्वतःच्या मुलखात आला आणि भातवडीला थांबला.

तिथं तलाव होता. अंबरने त्याचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीच्या बाजूला पाणीच पाणी आणि चिखल. वर पाऊस. तोफा रुतल्या, हत्ती रुतले, रसद बंद पडली. रात्री अंबरचे स्वार छाव्यांवर पडायचे, पहाटेपर्यंत गायब. उपाशी शिपाई एक-एक करून अंबरकडे यायला लागले आणि त्याने त्यांना ठेवून घेतलं. शेवटी लढाई झाली त्यात लारी मारला गेला. लष्करखान आणि आदिलशाही सरदार इखलासखान कैद झाले. आणि जाधवराव, उदाराम न लढताच निघून गेले.

आता हे टेबलावर आणायचं. पहिले तीन डाव आम्ही डीबीएच्या साध्या नियमांनी खेळलो आणि तिन्ही वेळा अंबर हरला. साहजिक आहे. बारा तुकड्यांविरुद्ध बारा तुकड्या, त्यात पलीकडे जड घोडदळ, हत्ती, तोफा. अलीकडे हलके स्वार. समोरासमोर भिडलात की चुरा. स्पर्धा परीक्षावाला म्हणाला, "मग अंबर जिंकला कसा यार? नशीब?"

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला या प्रश्नाची सवय आहे. आउटपुट खऱ्या जगाशी जुळत नाही, तेव्हा मॉडेलमध्ये काहीतरी मोजायचं राहिलेलं असतं. फासे दहा वेळा टाकून उपयोग नाही.

पहिली गोष्ट सापडली शेतीवाल्याला. त्याने टेबलाकडे बघून विचारलं, "जमीन कोणती हाय ही?" आम्ही गप्प. प्लायवर हिरवं कापड होतं, इंग्लंडच्या कुरणासारखं. तो म्हणाला, "काळ्या रानात पाणी शिरल्यावर घोडा पळत नसतो. बैल निघत नाही, ट्रॅक्टर निघत नाही, चप्पल सुद्धा निघत नाही." पूर्णा नदीकाठचा माणूस आहे तो. खाली कंठेश्वरला नदी गोदावरीला मिळते. पावसाळ्यात त्या पट्ट्यात चालणं म्हणजे पायाला दोन-दोन किलोचे गोळे. कापूस पिकवणारी माती तीच, गाडी गिळणारी पण तीच. झालं, हिरवं कापड गेलं. काळं आलं. नियम असा केला: अंबरच्या खेळाडूने डाव सुरू होण्याआधी एका चिठ्ठीवर पाळीचा आकडा लिहून पंचाला द्यायचा. त्या पाळीला बांध फुटणार. त्यानंतर टेबलाचा खालचा अर्धा भाग चिखल. घोडा निम्मा चालणार, तोफ जिथे आहे तिथेच, आणि चिखलातली प्रत्येक तुकडी हलवायला फाशातला एक आकडा जास्त खर्च होणार.

दुसरी गोष्ट पोट. आमच्याकडे पोळ्याला मातीचे बैल करतात, माहीत असेल तुम्हाला. मित्राच्या भाचीचे आठ छोटे बैल त्याच गच्चीवर पडून होते. ते लारीच्या छावणीमागे उभे केले. त्या काळात फौजेला धान्य पुरवायचे ते बंजारा तांडे, हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. मोगल फौजा त्यांच्यावर जगायच्या. आपल्या परभणी-हिंगोली-नांदेडकडे किती तांडे आहेत बघा, त्या नावांमागे हा इतिहास आहे. तर नियम: दर तीन पाळ्यांनी एक बैल उचलायचा. अंबरचा स्वार छावणीमागे पोचला तर आणखी एक. बैल संपले की लारीच्या प्रत्येक तुकडीसाठी फासा टाकायचा. एक पडला तर ती तुकडी अंबरची.

चौथा डाव या नियमांनी झाला. अंबर खेळणारा बँकवाला. त्याने सात पाळ्या काहीच केलं नाही. खरंच काही नाही. स्वार पुढे यायचे, बाण मारायचे, मागे जायचे. समोरचा रेल्वेवाला वैतागला, "लढ ना भाऊ!" बँकवाला चहा पीत म्हणाला, "मला कशाची घाई हाय?" तेव्हा मला बर्गीगिरीचा अर्थ समजला. आपण गनिमी कावा म्हटलं की डोळ्यांपुढे झडप येते. त्या आधीचं थांबणं येत नाही. आणि थांबणं किती अवघड आहे ते टेबलावर कळतं, कारण प्रत्येक पाळीला फासा हातात असतो आणि हात शिवशिवत असतात. आठव्या पाळीला बांध फुटला, दहाव्याला तोफा मेल्यात जमा, बाराव्याला बैल संपले.

तिसऱ्या गोष्टीवर मात्र भांडण झालं. खरं भांडण. दोन महिने एक जण आला नाही.

प्रश्न होता जाधवरावांच्या तुकडीचा. त्या दिवशी मी पंच होतो. मी म्हटलं, ही तुकडी लारीच्या खेळाडूच्या हातात पूर्ण नसावी. भिडायची वेळ आली की पंच गुपचूप फासा टाकेल. एक, दोन किंवा तीन पडलं की जाधवराव आणि उदाराम मैदान सोडणार. रेल्वेवाला उसळला, "माझ्या तुकड्या मला न विचारता कशा जातात?" मी म्हटलं, लारीलाही कुणी विचारलं नव्हतं. सगळे हसले. स्पर्धा परीक्षावाला हसला नाही. तो म्हणाला, "जिजाऊंच्या वडिलांना तू पळपुटं दाखवणार? आणि मोगलांच्या बाजूने? मी नाही खेळत."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लहानपणी आपण दिवाळीचे किल्ले बघतो. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, दारात भालेवाला. त्या किल्ल्यावर शत्रू कधी नसतो. बाजारातून कुणी अफझलखानाची फौज आणत नाही. सगळी चित्रं आपली. म्हणून बाजू निवडायचा प्रश्नच येत नाही. टेबलावर मात्र कुणाला तरी पलीकडे बसावंच लागतं. आणि भातवडीत पलीकडे बसलं की समोरही मराठे, शेजारीही मराठे. लखुजीराव सिंदखेडराजाचे. जालन्याला उतरलं की पुढे तासाभरात गाव येतं. उदाराम माहूरचे. अंबरकडून शहाजीराजे, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी आणि चुलते विठोजीराजांची मुलं. घरचीच माणसं.

मग फितुरी कुणाची? सतराव्या शतकातल्या सरदाराची निष्ठा देशाच्या नकाशाला बांधलेली नव्हती, कारण तसा नकाशाच नव्हता. ती वतनाला, जहागिरीला, आपल्या पागेतल्या स्वारांच्या पोटाला बांधलेली होती. लखुजीराव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले होते. भातवडी जिंकून दिल्यावर वर्षभरात शहाजीराजे निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले, म्हणजे ज्यांना हरवलं त्यांच्याकडेच. अंबर गेल्यावर ते परत निजामशाहीत आले. लखुजीरावही परतले आणि 1629 मध्ये दौलताबादला भर दरबारात निजामशाहाच्या हुकमाने मुलांसकट मारले गेले. यातल्या एकाला गद्दार म्हणायचं आणि दुसऱ्याला मुत्सद्दी, हे आपण आपल्या सोयीने करतो. न लढता जाण्याचेही अर्थ दोन-तीन लागतात. हरणारी बाजू ओळखली. दुसऱ्याच्या लढाईत आपली माणसं का मारायची, असा हिशोब केला. किंवा समोर जावई होता. मला दुसरा जास्त पटतो, कारण सोबत उदारामही गेले आणि त्यांचा जावई काही समोर नव्हता.

हे सगळं मी त्या मित्राला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे. पण मग शरीफजींचं काय?"

शरीफजीराजे भातवडीत पडले. जिंकलेल्या बाजूने. आमच्या नियमांमध्ये ते कुठेच नव्हते. शहाजीराजांची एक तुकडी होती, बस. तो म्हणाला, दोन करा. एक शहाजीराजांची, एक शरीफजींची, आणि भोसल्यांची कुठलीही तुकडी गेली तर अंबरच्या बाजूने पुढची पाळी फासा टाकायचा नाही. जिंकत असला तरी नाही. आम्ही केलं. नंतरच्या डावात तो आला, स्वतः जाधवराव आणि लष्करखान घेऊन बसला, आणि पंचाचा फासा पडायच्या आतच त्याने आपली तुकडी टेबलावरून उचलून घेतली. नियमात बसत नव्हतं. कुणी हरकत घेतली नाही.

आता पंचाचं काम आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर करतो. दोन खोल्या, दोन नकाशे, हुकूम पंचाला मेसेजने जातात आणि पंच मुद्दाम उशिरा पोचवतो. निळ्या टिकांची इतकी वाट कुठल्या मुलीच्या मेसेजला बघितली नसेल. राइसविट्झला हे आवडलं असतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. शेतीवाला दर वेळी विचारतो, बांध फुटल्यावर खालच्या शेतांचं काय झालं? ज्या माणसाने खडकीत घराघराला पाणी दिलं त्यानेच इथं रानं बुडवली. आम्ही काळ्या कापडावर ज्वारीची चार चौकोनी रानं मांडून बघितली. पाण्याखाली जाईल त्या प्रत्येक रानामागे अंबरचे गुण कापायचे. पण अंबरचा खेळाडू मग बांध फोडतच नाही, आणि लढाई हरतो. गुण किती ठेवायचे यावर वाद चालू आहे. शेतीवाला म्हणतो एका रानाला दोन, बँकवाला म्हणतो अर्धा.

भातवडीनंतर अंबरने इब्राहिम आदिलशाहाचं हौसेने बांधलेलं नौरसपूर जाळलं, 1625 मध्ये सोलापूर घेतलं, आणि पुढच्या वर्षी तो गेला. कबर खुलताबादला आहे. भातवडीचा तलाव आजही आहे. दिवाळीनंतर आम्ही पाचही जण तिथं जाणार आहोत, बांधावरून जमिनीचा उतार नक्की कुठे जातो ते बघायला. आमच्या टेबलावर सध्या तो सरळ दक्षिणेला धरलाय.

तुकड्यांच्या चित्रांची फाइल आणि दोन पानांचे नियम डिस्क्रिप्शनमध्ये टाकलेत. रंगीत प्रिंटच काढा, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लारी आणि अंबर ओळखू येत नाहीत. बैल तुमचे तुम्ही करा.